थेटबाईंचा शब्द

उकळलेल्या सुयांचा ट्रे माझ्या हातून सुटला तो नेमका नव्या डॉक्टरांच्या पायाशी. काचेच्या दोन सिरिंजांचा चुरा झाला, सुया खाटेखाली गेल्या आणि नुकताच डोळा लागलेली बाळंतीण दचकून उठून बसली. वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला थेटबाई एका तान्ह्याचं वजन करत होत्या. त्यांनी मानही वळवली नाही.

"फॉन्ड थिंग," त्या म्हणाल्या, आणि लगेच पोराच्या आईकडे वळून मराठीत, "अंगावर पाजतीस ना गं? मग ह्याचं वजन का भरंना?"

मी खाली बसून काचा वेचायला लागले. मान खाली होती ते बरं, कारण मी हसत होते.

त्यांचं खरं नाव मिस थ्वेट. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या डोंगरांतून, मेंढ्या पाळणाऱ्या घरातून त्या प्रवरेकाठच्या आमच्या गावी आल्या, मिशनच्या दवाखान्यात सिस्टर म्हणून. गावाच्या जिभेला 'थ्वेट' पेलवेना, त्याचं 'थेट' झालं आणि बाईंच्या स्वभावाला ते असं काही बसलं की पुढे मुंबईहून आलेले मिशनचे साहेबसुद्धा त्यांना थेटबाईच म्हणू लागले. मरणाऱ्याला त्या 'तू मरणार' असं सांगत, आणि वाचणाऱ्याला 'रडतोस कशाला, उठ' असं. मराठी त्या वॉर्डात शिकल्या, बायाबापड्यांच्या तोंडून. म्हणून ती आमच्यासारखीच होती, मातीची. धनगर दवाखान्यात आले की त्यांच्याशी मेंढरांच्या खुरांवर तासभर बोलत बसायच्या.

मी त्याच दवाखान्यात जन्मले. माझी आई साखर कारखान्याच्या ऊसतोड टोळीतली. मला जन्म देऊन ती गेली, आणि टोळी पुढच्या फडावर गेली ती माझ्यासाठी परत आलीच नाही. बाईंनी माझं नाव दीना ठेवलं आणि मला स्वयंपाकघरातल्या सगुणाबाईच्या पदरात घातलं. सगुणाबाईनं मला वाढवलं. तिच्याजवळ मी झोपायची, तिच्या हातचं खायची. बाई सकाळी माझी नखं बघायच्या, कान बघायच्या, पाढे म्हणून घ्यायच्या. कडेवर त्यांनी मला घेतल्याचं मला आठवत नाही. सगुणाबाईलाही आठवत नव्हतं.

माझ्याशी त्या मराठीतच बोलत. फक्त माझ्या हातून काही सांडलं, फुटलं, विसरलं की तेवढे दोन इंग्रजी शब्द यायचे. फॉन्ड थिंग. सगुणाबाई त्याला फणटिंग म्हणायची. लहानपणी मला ती शिवीच वाटे.

मग बाईंनी मला नगरच्या बोर्डिंगात घातलं. सातवीत भिंगारदिवे सरांनी एक दिवस फळ्यावर 'फॉन्ड' हा शब्द लिहिला आणि पुढे अर्थ लिहिला : आवड असलेला, प्रेमळ, माया करणारा. मी त्या फळ्याकडे बघतच राहिले. शेजारची मुलगी म्हणाली, उतरवून घे ना. मला उतरवून घ्यायची गरजच नव्हती.

त्या दिवसापासून माझं आयुष्यच बदललं म्हटलं तरी चालेल. मला आई नव्हती, पण मला कुणी तरी जन्मापासून मायेचा शब्द वापरून हाक मारत होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता. सुट्टीत घरी आले की मी मुद्दाम काहीतरी करायची. बशी फोडायची. दूध उतू घालवायची. उलटा फ्रॉक घालून प्रार्थनेला जायची. बाई ते दोन शब्द म्हणायच्या आणि मी ते दिवसभर तोंडात खडीसाखरेसारखे घोळवायची. कुणालाही सांगितलं नाही. सांगितलं तर उडून जाईल असं वाटायचं.

तर त्या सकाळी मी काचा वेचत हसत होते, आणि नवे डॉक्टर हॉल माझ्याबरोबर खाली बसून सुया गोळा करत होते. तेही हसत होते. तरुण माणूस, महिनाभरापूर्वीच आलेला.

"हा शब्द मी आजीनंतर आज पहिल्यांदा ऐकला," ते इंग्रजीत म्हणाले. "मीही त्याच डोंगरांतला. शहरात गेल्यावर हा शब्द असा कुणी वापरत नाही."

"शहरात लोक प्रेमाचं बोलत नाहीत?" मी विचारलं.

त्यांना काही कळलं नाही. "प्रेमाचं? छे. आमच्याकडे फॉन्ड म्हणजे बावळट. खुळा. आजोबा मेंढरांच्या कुत्र्याला म्हणायचे, तो स्वतःच्याच शेपटीमागे पळायला लागला की."

त्यांनी सुया माझ्या ट्रेमध्ये ठेवल्या आणि ते पुढच्या खाटेकडे गेले. त्यांच्या मनात काही नव्हतं. माणूस चांगला होता.

आता हे नेमकं त्याच दिवसांत का व्हावं, हे सांगायला हवं. थेटबाई परत चालल्या होत्या. मिशनच्या नियमानं त्यांचं वय झालं होतं, आणि उन्हाळा सुरू व्हायच्या आत मुंबईहून त्यांची बोट होती. मी नर्सिंग पुरं करून दवाखान्यात लागले होते. आणि मी मनाशी ठरवलं होतं की बाईंना म्हणायचं, मला बरोबर घेऊन चला. तिकडे त्यांचं कुणी उरलं नव्हतं. म्हातारपणी कुणी तरी हवं. नगरच्या बाजारातून मी लोकरीचे जाड पायमोजे आणून ट्रंकेच्या तळाशी ठेवले होते. हे बळ मला कुठून आलं असेल? त्या शब्दातूनच. जी बाई मला इतकी वर्षं प्रेमानं हाक मारते, ती नाही कशी म्हणेल?

दुपारी मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. सगुणाबाई भाकरी थापत होती.

"काय गं, तोंड का पाडून बसलीस?"

"बाई मला जे म्हणतात ना, फणटिंग. त्याचा अर्थ खुळी असा आहे."

"मंग?" सगुणाबाईनं भाकरी तव्यावर टाकली. "म्या तुला रोज येडी म्हणते, त्याचं काय?"

"तू म्हणतेस ते निराळं."

"कसं निराळं?"

मला सांगता येईना. तिनं भाकरीला पाणी फिरवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाईला इचार जाऊन. थेट बाई हाय, थेट सांगंल."

पण मी बाईंकडे गेले नाही. दुसऱ्या दिवशी मी डॉक्टर हॉलच्या बंगल्यावर गेले. त्यांच्याकडे उशीएवढा जाड शब्दकोश होता. मी म्हटलं, "त्या शब्दाचे जेवढे अर्थ असतील तेवढे मला वाचून दाखवा."

त्यांना नवल वाटलं, पण त्यांनी चष्मा लावला आणि पान काढलं. माणसाला शब्दांची आवड होती. बोटानं ओळ धरून ते सांगत गेले. सहाशे वर्षांपूर्वी हा शब्द मिठाला लावत, खारटपणा गेलेल्या, बेचव झालेल्या मिठाला. मग तो माणसाला लागला, ज्याच्या डोक्यातलं मीठ गेलंय अशा. मूर्ख. वेडगळ. मग कधीच पुऱ्या न होणाऱ्या आशेला फॉन्ड आशा म्हणू लागले. मग पोराचे फाजील लाड करणाऱ्या आईला. मग प्रेमात वेड्या झालेल्याला. आणि मग हळूहळू वेड गळून पडलं आणि नुसतं प्रेम राहिलं.

"शहरांत," डॉक्टर म्हणाले. "डोंगरात बातमी पोचलीच नाही. तिथे आम्ही जुनाच अर्थ धरून बसलो."

"पण कोण कुठल्या अर्थानं म्हणतंय, हे ऐकणाऱ्यानं ओळखायचं कसं?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. त्यांना बहुधा तेव्हा काहीतरी कळलं. "ते पुस्तकात नसतं, सिस्टर," ते म्हणाले. "ते बोलणाऱ्यालाच विचारावं लागतं."

तरी मी आणखी काही दिवस गप्पच राहिले. बाई रोज कुणाला ना कुणाला काहीतरी देत होत्या. शिवणयंत्र सगुणाबाईला दिलं. भिंतीवरचं घड्याळ कंपाउंडर उबाळ्यांना. छत्री माळ्याला, चिनीमातीचा टी-सेट चर्चच्या पाळकांच्या बायकोला. त्यांच्या खोलीच्या भिंती उघड्या पडत चालल्या. मला त्यांनी रुमालसुद्धा दिला नाही. मी खाटांच्या चादरी बदलत होते, सुया उकळत होते, आणि हातून काही सांडू नये म्हणून जपत होते. त्या दिवसांत माझ्या हातून एक चमचाही पडला नाही.

जायच्या आधीच्या रविवारी, प्रार्थनेनंतर, बाई व्हरांड्यात गुलाबाच्या कुंड्यांची छाटणी करत होत्या. आपण नसताना कोण करणार, म्हणून सगळ्या एकदमच छाटत होत्या. मी पायरीवर जाऊन उभी राहिले.

"बाई, फॉन्ड म्हणजे काय?"

"खुळी," त्या म्हणाल्या. कात्री थांबली नाही.

"तेवढंच?"

"आमच्याकडं तेवढंच."

"मला शाळेत दुसरा अर्थ शिकवला होता."

आता कात्री थांबली. "कुठला?"

मी तो म्हणू शकले नाही. पण त्यांना ठाऊक होता. इंग्रजी त्यांचीच भाषा होती. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कधी शिकवला?"

"सातवीत."

बाईंनी हातातली छाटलेली फांदी खाली टाकली. मग म्हणाल्या, "म्हणून तू एवढ्या बशा फोडल्यास."

मला रडू फुटलं. त्यांनी मला जवळ घेतलं नाही, गप्प हो म्हटलं नाही. कात्री कुंडीच्या काठावर ठेवली, हातमोजे काढले आणि वरच्या पायरीवर बसल्या. शेजारी जागा सोडली. मी बसले.

"मी हिकडं यायला निघाले," त्या म्हणाल्या, "तेव्हा आमच्या वाडग्यात मेंढ्या व्यायला लागल्या होत्या. घरात हात कमी. बाप बोलला नाही माझ्याशी. आई फाटकापर्यंत आली. तिच्या हाताला रक्त होतं, कोकरू नुकतंच सोडवलेलं. हात पुसला तिनं, पण मला लावला नाही. माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, 'यू फॉन्ड थिंग.' आणि वळून गेली आत."

त्या समोरच्या चिंचेकडे बघत होत्या.

"सबंध बोटीत मी त्या बाईवर रागावले होते. तीन आठवडे. देवाच्या कामाला चाललेय आणि ही मला गाढव म्हणते. मग इथं आले. मला तुमचं काही कळत नव्हतं, नुसतं बघायची. वॉर्डात एक बाई होती, तिचं पोर तापातनं उठलं. ती त्याच्या तोंडावरनं हात फिरवायची आणि म्हणायची, येड्या, येड्या रं माझ्या. मी सगुणाला विचारलं, येडा म्हंजे? सगुणानं डोक्याला बोट लावून दाखवलं."

"मग?"

"मग काय? मला वाटलं, आई तसं म्हणाली असंल का? लिहून विचारायचं होतं. आमच्यात असं कुणी विचारत नाही. मी हिय्या करीपर्यंत ती गेली." बाईंनी झग्यावर पडलेलं पान उचलून टाकलं. "पस्तीस वर्षं झाली. अजून मला ठरवता येत नाही, ती काय म्हणाली."

मी डोळे पुसले. मला वाटलं आता त्या माझ्याबद्दल काही बोलतील. शेवटी मीच विचारलं, "आणि तुम्ही मला काय म्हणत होता?"

थेटबाई उत्तराला कधी थांबल्या नव्हत्या. त्या दिवशी थांबल्या.

"मला मराठी येतं," त्या म्हणाल्या. "खुळी म्हणायला काय लागतं? माळ्याला म्हणते, उबाळ्याला म्हणते. तुला एकटीलाच मी माझ्या आईच्या बोलीत का म्हणत असंन? तूच बघ."

बाहेर सगुणाबाईच्या कोंबड्या उकिरडा उकरत होत्या. मी तेवढ्यातच बोलून टाकलं. "बाई, मला बरोबर घेऊन चला."

"नाही."

इतक्या लगेच की मला वाटलं, त्यांनी हे आधीच कधीतरी स्वतःशी ठरवून ठेवलं होतं.

"का?"

"तिकडं तू कोण असशील? लोक म्हणतील, म्हातारीनं मोलकरीण आणली. मी मेले की तू त्या थंडीत एकटी, ना भाषा धड, ना माणसं. हितं अडलेली बाई गाडीतनं उतरली की विचारते, दीना सिस्टर हायेत का. थेटबाई हायेत का, असं आता कुणी विचारत नाही. मी ऐकलंय."

"तुम्ही सगळ्यांना काही ना काही दिलंत," मी म्हणाले. आता बोलायचंच तर सगळंच. "मला काहीच नाही."

"तुला बाळंतिणींचा वॉर्ड दिलाय," बाई म्हणाल्या. "मिशनची कमिटी नगरहून कुणी तरी मोठी सिस्टर आणणार होती. दोन महिने भांडले. शुक्रवारी कागद आला. आता तुला घड्याळ हवं होतं का?"

त्या उठल्या, हातमोजे चढवले आणि उरलेल्या कुंड्या छाटून संपवल्या. मी पायरीवर बसून राहिले. मला एकाच वेळी सगळं मिळालं होतं आणि काहीच मिळालं नव्हतं. अजूनही त्या दुपारचा हिशेब मला लागत नाही.

त्या गेल्या तो दिवस फार साधा होता. स्टेशनपर्यंत दवाखान्याच्या गाडीतून गेलो. बाईंनी उबाळ्यांना औषधाच्या कपाटाच्या किल्ल्यांबद्दल चार गोष्टी सांगितल्या, सगुणाबाईचे दोन्ही हात धरले. माझ्यासमोर आल्या आणि माझी टोपी सरळ केली. पिन नीट लागली नव्हती, ती काढून पुन्हा लावली. त्याला त्यांनी जरूरीपेक्षा जास्त वेळ लावला. मग आगगाडीत चढल्या.

त्यांची पत्रं यायची. हवा, मेंढ्या, गुडघे. माझ्या बाळंतिणींची चौकशी. प्रत्येक पत्र इंग्रजीत आणि खाली देवनागरीत सही, थेटबाई. पाच-सहा वर्षांनी पत्रं थांबली आणि मिशनकडून कळलं की त्या गेल्या. मी त्या दिवशी वॉर्डातच होते. एका बाईची जुळी अडली होती.

मी लग्न केलं नाही. त्याचं काही दुःख नाही. वॉर्ड मोठा झाला, सगुणाबाई माझ्या हातांत गेली, डॉक्टर हॉल परत गेले. मी निवृत्त व्हायच्या थोडं आधी चर्चच्या बायकांची एक सहल इंग्लंडला गेली, तिच्यात मी नाव घातलं. बाकीच्या लंडन बघायला राहिल्या. मी डॉक्टर हॉलना पत्रानं कळवलं होतं. ते आता म्हातारे झाले होते, पण आपली मोटार घेऊन मला न्यायला आले आणि त्या डोंगरांत घेऊन गेले.

गाव म्हणजे दगडाची वीस-पंचवीस घरं. चर्चमागे बाईंची कबर होती, आईच्या शेजारी. मी आमच्याकडून शेवंतीचा हार नेला होता, पार सुकून गेलेला, तोच ठेवला. डॉक्टर मला एकटीला सोडून मोटारीत जाऊन बसले. जून होता आणि मी दोन स्वेटर घातले होते.

परत फिरले तर फाटकाशी एक बाई उभी होती. माझी साडी बघून आली असावी. मिसेस अल्डरसन. थेटबाईंच्या शेजारीण. त्यांनी मला घरी नेलं, चहा केला. शेवटच्या आजारात बाईंचं सगळं त्यांनीच पाहिलं होतं.

"ती फार बोलायची नाही," मिसेस अल्डरसन म्हणाल्या. "पण शेवटचे तीन-चार आठवडे तिची इंग्रजी गेली. डॉक्टर म्हणाला, मेंदूत रक्त साकळलंय. तुमच्या भाषेत बोलायची. आम्हाला काय कळणार? हात दाबून ठेवायचा, एवढंच."

"काय बोलायची?"

"बरंच काही. पण एक होतं, ते रोज म्हणायची. दाराकडे बघून. इतक्यांदा ऐकलं की मला पाठ झालं. मी पाळकांना विचारलं, शाळेत विचारलं, इथे कुणाला ते येत नाही. इतकी वर्षं माझ्या डोक्यात बसलंय." त्यांनी कप खाली ठेवला, पाठ ताठ केली, आणि शाळेतल्या मुलीसारखं, एकेक अक्षर सावकाश म्हणत माझ्याकडे बघितलं.

"दीना. ये की गं."

शेगडीवर किटली होती, तिची वाफ खिडकीला लागत होती. बाहेर डॉक्टरांनी मोटारीचं दार उघडून पुन्हा लावलं.

"म्हणजे काय?" मिसेस अल्डरसननी विचारलं. "दीना म्हणजे काय?"

"ते नाव आहे," मी म्हणाले. "माझं."

त्यांनी तोंडावर हात ठेवला. मग अगदी हळू त्या म्हणाल्या, "आणि बाकीचं?"

मी सांगितलं, "ये."

पण ते तेवढंच नव्हतं. 'ये' सांगता येतं. 'की' आणि 'गं' यांना इंग्रजीत काय म्हणतात ते मी त्या स्वयंपाकघरात बसून खूप शोधलं. त्या बाई वाट बघत होत्या. त्यांचा चहा निवून गेला, माझाही. मला ते सांगता आलं नाही.